वाचनालयात बसणाऱ्या मुलांनी १२ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स शेवटपर्यंत न्यावा म्हणून नेमक्या कुठल्या सवयी लावाव्यात?

देवगड_वाचक

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात संध्याकाळी अकरा मुलं-मुली अभ्यासाला बसतात. बहुतेक बी.एस्सी., बी.कॉम.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची आहेत, दोघं आयटीआय झालेले. श्रेयांकांसाठी (क्रेडिटसाठी) स्वयमवरचा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा, कोर्स करायचा म्हणून सगळ्यांनी जुलै सत्रातले एनपीटीईएलचे (आयआयटी आणि आयआयएससी यांच्या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाचे) १२ आठवड्यांचे कोर्स निवडलेत. वाचनालयात दोन संगणक आणि एक फायबरचं कनेक्शन आहे. बाकी ज्याचा त्याचा मोबाइल.

मुलं हुशार आहेत, पण असे कोर्स अर्ध्यावर सुटतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. "नियमित राहा, वेळेचं नियोजन करा" हे सांगून झालंय, त्यातून हाताला काही लागत नाही. मला हवंय ते असं: आठवड्याच्या कुठल्या दिवशी काय करायचं, व्हिडिओ बघताना वहीत काय लिहायचं, गणपतीत आणि लाइट गेल्यावर काय करायचं, आणि एखादा मुलगा मागे पडायला लागला तर ते वेळेत कळणार कसं. अनुभवी मंडळींनी तपशिलात लिहावं ही विनंती.

पाटीपेन्सिल

आधी गुणांचा नियम प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, कारण सगळ्या सवयी त्यावर बेतायच्या आहेत. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला एक असाइनमेंट असते. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरतात आणि त्यांची सरासरी २५ गुणांवर आणतात. (८ आठवड्यांच्या कोर्सला आठांतल्या सहा, ४ आठवड्यांच्याला चारांतल्या तीन.) उरलेले ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. असाइनमेंटला २२ आणि परीक्षेत २८ पडले तर बेरीज ५० होते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना गुणांची विभागणी वेगळी असते, ती कोर्सच्या पानावर पाहावी. स्वयमवरचे सगळेच कोर्स एनपीटीईएलचे नसतात आणि इतर संस्थांचे नियम वेगळे असतात, हेही मुलांना सांगून ठेवा.

या नियमातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चार असाइनमेंटची सवलत. बरीच मुलं ती पहिल्याच महिन्यात संपवून बसतात. कोर्स अवघड आहे म्हणून सुटणारे थोडे असतात. सलग दोन आठवडे बुडाले की मात्र तो सुटतो. तिसऱ्या आठवड्यात बसावं तर पाच तासांचे व्हिडिओ साठलेले असतात, नव्या व्हिडिओत मागच्या संज्ञा गृहीत धरलेल्या असतात, आणि जे समजत नाही ते आपल्यालाच जमत नाही असं वाटायला लागतं. म्हणून नियम एकच घालून द्या: एक आठवडा बुडाला तर चालेल, लागोपाठ दुसरा बुडू द्यायचा नाही. सवलत ठेवायची ती ताप, लाइट आणि घरच्या कार्यासाठी.

आता आठवडा. असाइनमेंटची मुदत सहसा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. आपली स्वतःची मुदत रविवारी संध्याकाळची ठेवायची. १२ आठवड्यांच्या कोर्सला एकूण साधारण ३० तासांचे व्हिडिओ असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. अर्ध्या अर्ध्या तासाचे पाच भाग धरले तर गुरुवारी दोन, शुक्रवारी एक, शनिवारी दोन. रविवारी वही बंद ठेवून असाइनमेंट सोडवायची, मग वही उघडून तपासायची आणि त्याच संध्याकाळी सबमिट करायची. मुदत संपेपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येतं आणि शेवटचं धरलं जातं, त्यामुळे रविवारी अर्धवट उत्तरं दिली तरी नुकसान काही नाही. सोमवार-मंगळवार अडलेल्या प्रश्नांना. बुधवार मोकळा. बुधवारी रात्री साडेअकराला पान उघडणाऱ्याचं काय होतं हे कोकणात वेगळं सांगायला नको.

मुदतीनंतर बरोबर उत्तरं दिसायला लागतात. गुरुवारी नवा व्हिडिओ लावण्याआधी दहा मिनिटं काढून चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा आणि खाली एकच ओळ लिहायची: का चुकलं? सूत्र चुकलं, एकक चुकलं, प्रश्नातला "नाही" वाचायचा राहिला, की संकल्पनाच कळली नव्हती? बारा आठवड्यांत या पानांची जी वही तयार होते, परीक्षेआधी तिच्यापेक्षा उपयोगी काही नसतं.

वेळेचा हिशेब खरा मांडा. अडीच तासांचे व्हिडिओ थांबत थांबत बघितले की चार तास होतात. असाइनमेंटला एक-दीड तास आणि उजळणीला एक तास धरा. म्हणजे आठवड्याला साडेसहा तास. दोन कोर्स घेतले तर तेरा. पहिल्यांदाच करणाऱ्या मुलाला एकच घ्यायला लावा.

व्हिडिओ कसा बघायचा यावर जरा जास्त लिहिते, कारण खरी गळती तिथे आहे. एडएक्स या परदेशी ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं त्यात दिसलं. एनपीटीईएलची व्याख्यानं अर्ध्या तासाची असतात, तेव्हा तुकडे आपणच पाडायचे. सहा-सात मिनिटं झाली की, किंवा मुद्दा संपला की थांबवायचं, नजर पडद्यावरून काढायची आणि आत्ता काय सांगितलं ते तीन ओळींत आठवून लिहायचं. मग तेवढा भाग मागे घेऊन पडताळायचं. स्लाइड उतरवून घेण्यात वेळ घालवू देऊ नका. स्लाइड आणि लिखित उतारे बहुतेक कोर्सच्या पानावर असतात. हात चालू राहतो म्हणून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, डोकं मात्र रिकामंच राहतं.

वहीच्या पानावर डावीकडे तीन बोटं रुंदीचा समास आखायचा. उजवीकडे टिपण. व्हिडिओ संपल्यावर डाव्या समासात त्या टिपणावरचे चार-पाच प्रश्न लिहायचे: "अमुक का होतं?", "या दोन्हींत फरक काय?", "हे सूत्र कुठे लागू पडत नाही?" उजळणी म्हणजे उजवी बाजू पुठ्ठ्याने झाकून डाव्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची. पहिली त्याच रात्री, दुसरी दोन-तीन दिवसांनी, तिसरी पुढच्या रविवारी. प्रत्येक वेळी दहा मिनिटं पुरतात.

पुन्हा वाचण्यापेक्षा हे चांगलं का? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. मुलं फसतात ती पहिल्या पाच मिनिटांना. "वाचलं, कळलं, येतंय" असं वाटतं. परीक्षा मात्र तीन महिन्यांनी असते.

मोडेम

पाटीपेन्सिल ताईंनी अभ्यासाची बाजू लिहिलीच आहे. मी लाइट आणि नेटचं लिहितो, कारण पावसाळ्यात निम्म्या असाइनमेंट तिथे बुडतात.

वाचनालयाच्या फायबरला छोटा मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी) लावा. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्टेज आणि अँपिअर छापलेलं असतं, बहुधा १२ व्होल्ट आणि १ किंवा १.५ अँपिअर. काही डबे ९ व्होल्टचे असतात. तेच व्होल्टेज आणि तेवढे किंवा जास्त अँपिअर देणारा यूपीएस घ्यायचा. व्होल्टेज चुकलं तर राउटर जळतो. फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. एकालाच दिला की वायफाय दिसतं पण नेट चालत नाही, आणि मग दोष कंपनीला लागतो.

विजा कडाडायला लागल्या की विजेचा प्लग काढा आणि राउटरपासून संगणकापर्यंतची लॅन केबलही काढा. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनमधून येते. मे अखेर आणि ऑक्टोबरच्या दुपारी हे विसरू नये.

मोबाइलवरच्या मुलांसाठी. ३६० पीवर तासाभराचं व्याख्यान साधारण २०० ते ३०० एमबी खातं. आठवड्याचे अडीच तास धरले तर पाऊण जीबीच्या आत बसतं, दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये सहज मावतं. अडचण डेटाची कमी, रेंजची जास्त. म्हणून सवय अशी लावा: बुधवारी किंवा गुरुवारी वाचनालयातून निघण्याआधी आठवड्याचे सगळे व्हिडिओ उतरवून घ्यायचे, घरी नेट न लागता बघायचे. एनपीटीईएलच्या पानावर उतरवायची सोय असते. घरूनच करायचं असेल तर पहाटे पाच ते सात टॉवरवर गर्दी कमी असते. आणि फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपचे आपोआप होणारे अपडेट बंद करा, नाहीतर रात्रीतच पॅक संपतो.

जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीत रेंज मरते. घर उतारावर, माडा-पोफळीत असेल तर आणखी. एक फोन माळ्याच्या खिडकीत, सड्याच्या (वरच्या उघड्या कातळाच्या) बाजूला ठेवून त्याचा हॉटस्पॉट खाली घ्यायचा. दोन फोन नसतील तर अभ्यास खाली आणि सबमिट तेवढं खिडकीत जाऊन. असाइनमेंटचं पान हलकं असतं, टू-जीसारख्या रेंजवरही जातं, पण थांबावं लागतं. सबमिट झाल्याचं दिसल्यावर स्क्रीनशॉट काढायचा. गोल फिरत असताना फोन बंद करून "पाठवलं" म्हणायचं नाही, पान पुन्हा उघडून बघायचं.

लाइट गेल्यावर टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, नंतर तोही बसतो. म्हणजे लाइट गेल्या गेल्या पहिलं काम सबमिट करण्याचं, टॉर्च लावून वाचण्याचं नंतर.

खाडीकाठ

वरचं सगळं बरोबर आहे, एका गोष्टीशी मात्र सहमत नाही. गुरुवारी दोन, शुक्रवारी एक हे वेळापत्रक ज्याच्या घरी वेळ त्याच्या हातात आहे त्याला जमतं. आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या वेळा घर ठरवतं. होडी पहाटे येणार की सकाळी, पाणी कधी येणार, बागेत माणसं आली की जेवण किती जणांचं. अशा मुलाला "रोज सात ते आठ" सांगितलं की तिसऱ्या दिवशी मोडतं, आणि एकदा मोडलं की त्याला वाटतं सगळंच मोडलं.

त्यापेक्षा घड्याळाऐवजी कामाला बांधा. "धार काढून झाली की एक भाग." "दिवाबत्ती झाली की डाव्या समासातले प्रश्न." "एसटीत बसलं की कालचं आठवायचं." आधीचं काम रोज होतंच, त्याच्या शेपटीला नवं बांधलं की वेळ बदलली तरी क्रम टिकतो. वाक्य वहीत लिहून घ्यायचं, "अमुक झालं की मी तमुक करणार" असं. आणि त्याच्या खाली दुसरं वाक्य: "तेही जमलं नाही तर झोपण्याआधी दहा मिनिटं प्रश्न." दुसरं वाक्य लिहून ठेवलेलं नसेल तर पहिलं चुकलं की दिवस गेलाच.

दुसरं म्हणजे कोर्सचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर शेजारी शेजारी लावा. भिंतीवरच्या पंचांगावर पेन्सिलीने आठवड्यांचे आकडे टाका. जुलै सत्र साधारण जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतं. भाताची लावणी तेव्हा आटपत आलेली असते, पण पाऊस लांबला तर पहिला आठवडा चिखलातच जातो. गणपती ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरमध्ये येतात, म्हणजे कोर्सचा सहावा ते नववा आठवडा. यंदा तो कुठला ते आजच बघून ठेवा. परीक्षा ऑक्टोबर अखेरच्या सुमारास, तेव्हा गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताची कापणी. जानेवारी सत्र घेणाऱ्यांना मध्ये शिमगा आणि परीक्षेला ऐन आंबा.

मासेमारी करणाऱ्या घरांचं उलट आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात घरात थोडी उसंत असते, १ ऑगस्टनंतर नाही. त्या मुलांनी जुलैत पुढे पळून ठेवावं. कसं, तर एनपीटीईएलचे बरेच कोर्स पुन्हा पुन्हा येतात आणि आधीच्या सत्रांची व्याख्यानं यूट्यूबवर असतात. नवी असाइनमेंट आधी उघडत नाही, पण व्याख्यानं आधी बघून टिपणं तयार ठेवता येतात. कोर्सच्या पानावरची आठवडेवार यादी आणि जुन्या व्याख्यानांची शीर्षकं जुळतात का ते पाहून घ्यायचं.

गणपतीसाठीही हेच. चाकरमानी येतात, घरात पंधरा-वीस माणसं, रात्री भजनं. त्या आठवड्यात नवीन शिकणं होत नाही आणि होऊ नये, सण वर्षातून एकदाच असतो. त्या आठवड्याची व्याख्यानं आधीच्या दोन आठवड्यांत बघून झालेली असली की उरते फक्त असाइनमेंट, पाऊण तासाचं काम. तीही राहिली तर चारांतली एक सवलत गेली. पण विसर्जनानंतरच्या पहिल्या गुरुवारी मुलगा वाचनालयात दिसलाच पाहिजे. गळती गणपतीत नसते, ती गणपतीनंतरच्या आठवड्यात असते.

देवगड_वाचक

खाडीकाठ, पंचांगावर आकडे आजच टाकून घेतो. गणपतीनंतरच्या आठवड्याचं तर डोक्यातच नव्हतं.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, निम्मी मुलं बारावीपर्यंत मराठी माध्यमातली आहेत, इंग्रजी व्याख्यान पहिल्या दहा मिनिटांतच डोक्यावरून जातं. दोन, असाइनमेंटची तयार उत्तरं टेलिग्रामवर फिरतात. "सगळेच टाकतात" हे मला तोंडावर सांगितलं गेलंय. रागावून काही होणार नाही हे कळतं, पण मग करायचं काय?

जांभा_चिरा

ह्यां बरां विचारलास. भाषेचं मी सांगतो.

पहिले दोन आठवडे व्याख्यानाआधी उतारा. बहुतेक व्याख्यानांचा लिखित उतारा असतो, काही कोर्सचा मराठीतही मिळतो, आधी तो शोधा. इंग्रजीच असेल तर उताऱ्यातल्या पहिल्या दोन पानांत न कळणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढायची. साधारण पंधरा-वीस निघतात. त्यातले आठ-दहा विषयातले असतात, बाकीचे नेहमीचे "म्हणून", "तथापि", "गृहीत धरू" या जातीचे. हे नेहमीचे शब्द एकदा बसले की प्रत्येक व्याख्यानात तेच पुन्हा येतात, म्हणून आधी ते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेघा निम्म्यावर येतात.

विषयातल्या संज्ञांचं मराठी भाषांतर शोधत बसू नका. परीक्षेत इंग्रजी संज्ञाच येणार. वहीच्या मागच्या पानांवर संज्ञा आहे तशी लिहायची, शेजारी तिचा अर्थ आपल्या मराठीत एका वाक्यात, आणि एक उदाहरण. उदाहरण आपल्या आजूबाजूचं घ्या. अर्थशास्त्रातली मागणीची लवचीकता शिकायची तर हापूसच्या पेटीचा भाव मार्चमध्ये किती, मेमध्ये किती, आणि भाव उतरल्यावर गिऱ्हाईक किती वाढतं ते मांडायचं. आंब्याच्या घरातला मुलगा हे प्राध्यापकाइतकं सांगू शकतो, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नसतं.

वेग सुरुवातीला ०.७५ ठेवा आणि व्हिडिओखालची इंग्रजी अक्षरं (सबटायटल) चालू. आपोआप तयार झालेल्या अक्षरांत संज्ञा चुकीच्या उमटतात, म्हणून स्पेलिंग स्लाइडवरूनच घ्यायचं. कान बसला की १ वर या. दीडपट वेगाने बघणं उजळणीपुरतं ठीक, पहिल्यांदा बघताना नको.

अकरा मुलांचे गट पाडा, एका गटात तिघं-चौघं. कोर्स वेगळे असले तरी चालतं. शनिवारी अर्धा तास: प्रत्येकाने आठवड्यातली एक संकल्पना वही न बघता पाच मिनिटं मराठीत किंवा मालवणीत समजावून सांगायची. ऐकणाऱ्यांनी "म्हंजे काय?" आणि "असां कशाक?" एवढंच विचारायचं. सांगणारा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करायची, रविवारी तिथूनच सुरुवात. विषय न कळणारा श्रोता इथे जास्त कामाचा, कारण त्याच्यापुढे संज्ञा फेकून सुटता येत नाही.

शंका विचारायची सवयही शिकवावी लागते. कोर्सच्या चर्चेच्या पानावर "सर, आठवडा ४ कळला नाही" असं लिहिलं की उत्तर येत नाही, आलं तर उपयोगाचं नसतं. आठवडा कितवा, व्याख्यान कितवं, कितव्या मिनिटाला, मी काय करून पाहिलं, माझं उत्तर किती आलं, अपेक्षित किती. एवढं लिहायला मोडकंतोडकं इंग्रजी पुरतं. आणि हे नीट लिहिता लिहिता निम्म्या शंका आपल्याआपणच सुटतात. विचारायचं ते शुक्रवार-शनिवारी, बुधवारी नव्हे. उत्तर यायला एक-दोन दिवस लागतात.

पाटीपेन्सिल

टेलिग्रामच्या उत्तरांबद्दल. मुलांना नैतिकतेआधी आकडा दाखवा. असाइनमेंटचे २५ पैकी २५ मिळाले तरी परीक्षेचे ७५ शिल्लक राहतात, आणि तिथे केंद्रावर एकट्याने बसायचंय. असाइनमेंट हा त्या परीक्षेचा फुकटचा सराव आहे. बारा आठवडे जो तो सराव दुसऱ्याकडून करून घेतो, त्याला आपल्याला काय येत नाही हे पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीत कळतं. शिवाय फिरणारी उत्तरं कित्येकदा जुन्या सत्राची असतात. प्रश्न तोच दिसतो, आत एक आकडा बदललेला असतो.

पण खरं कारण लबाडी नसते, भीती असते. मुलगा बुधवारी रात्री उघडतो, काही येत नाही, आणि शून्य नको म्हणून टाकतो. रविवारची सवय लागली की ही वेळच कमी येते. माझ्या मते पहिल्या महिन्यात "चार बरोबर, सहा चूक, पण स्वतःची" अशा असाइनमेंटचं वाचनालयात मोकळेपणाने कौतुक व्हावं. दहापैकी ४ म्हणजे २५ पैकी १०, पात्रतेचा उंबरठा तिथेच आहे. तिथून वर चढता येतं.

मागे पडणारा मुलगा गुण बघून ओळखू नका, ते उशिरा कळतं. भिंतीवर एक तक्ता लावा: अकरा नावं, बारा रकाने. रविवारी सबमिट केलं तर भरीव गोल, सोम ते बुध केलं तर पोकळ गोल, राहिलं तर रिकामं. गुण लिहायचे नाहीत, त्याने मुलं एकमेकांपासून लपवायला लागतात. सलग दोन पोकळ गोल दिसले की त्याच आठवड्यात बोलायचं, रिकाम्या रकान्याची वाट बघायची नाही. इतर खुणा: वही आणायची विसरणं, डावा समास कोरा, "घरी बघितलं" असं सांगणं पण शनिवारी समजावून सांगायची वेळ आली की पाणी प्यायला उठणं.

बोलताना "का केलं नाहीस?" नको. "कितव्या मिनिटापर्यंत बघितलंस?" असं विचारा. त्याचं उत्तर खरं मिळतं, आणि दुरुस्ती तिथूनच करायची असते. मागे पडलेल्याला आधी राहिलेलं सगळं पूर्ण करायला लावू नका. चालू आठवडा धरायला लावायचा, जुना रोज अर्धा भाग करून मागून भरायचा. जुन्याच्या मागे लागला की नवंही हातचं जातं.

मोडेम

एक राहिलं. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, परीक्षेची नोंदणी वेगळी आणि तिला शुल्क असतं. तिची मुदत कोर्स चालू असतानाच, बरीच आधी संपते. बारा असाइनमेंट करून परीक्षेचा अर्ज राहिलेली मुलं दर सत्रात असतात. अर्ज उघडला की त्याच आठवड्यात भरून टाकायचा. नाव आधार आणि कॉलेजच्या कागदांवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको, कारण प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं. ईमेल स्वतःचा हवा, सायबरवाल्याचा किंवा चुलत भावाचा नको, हॉल तिकिटाचा निरोप त्यावरच येतो. आणि पासवर्ड वहीत.

देवगड_वाचक

तक्ता उद्याच लावतो. परीक्षेच्या शहराचं काय करावं? यादीत जवळचं नसेल तर मुलींच्या घरून एकटीला पाठवायला तयार होत नाहीत.

खाडीकाठ

अर्जात शहरांच्या पसंत्या द्याव्या लागतात, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून एकाच क्रमाने भरा. केंद्र एकच मिळेल याची खात्री नाही, पण शहर एक असण्याची शक्यता वाढते. कोर्स वेगळे असतील तर परीक्षेचे दिवस आणि सत्रं वेगळी पडू शकतात, ते अर्ज भरण्याआधी कोर्सच्या पानावर जुळवून बघा. सकाळचं सत्र असेल तर पहाटेच्या एसटीवर विसंबून राहू नका, पाऊस ऑक्टोबरातही घाटात दरडी आणतो. आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि राहायचं कुणाच्या नातेवाइकांकडे हे आत्ताच ठरवा. पालकांची एक बैठक गणपतीआधी वाचनालयात घ्या आणि हॉल तिकीट काय असतं, परीक्षा किती तासांची, परतीची गाडी कुठली हे सगळं तिथेच सांगा. मुलींच्या आयांना बोलवायला विसरू नका, घरातली परवानगी बहुधा त्याच मिळवून देतात.